एकशे अठ्ठाविसावी पिशवी

मेंदूवर चालून येणाऱ्या संकटाची आगाऊ खबर माणसाला ज्या दिवशी मिळू लागली, त्या दिवशी मानवजातीने मृत्यूला पहिल्यांदा दाराबाहेर थांबवलं. हे वाक्य माझं नाही. सांगलीच्या नाट्यगृहात साठीपुढच्या नागरिकांना सरकारी बाळ्या वाटल्या, तेव्हा प्रमुख पाहुण्यांनी ते म्हटलं आणि टाळ्या घेतल्या. त्या वेळी पाहुण्यांच्या स्वतःच्या कानातली बाळी बंद होती. चार्जिंग संपलं होतं.

ही २०३८ सालची गोष्ट. बाळी दिसायला जुन्या भिकबाळीसारखी, नवरदेव लग्नात कानाच्या वरच्या पाळीला घालतो तशी. सोनेरी तार आणि मधे एक खडा. खड्यामागे दोन बारीक दिवे असतात. त्यांचा उजेड कानातून आरपार जातो आणि पलीकडे मोजला जातो. रक्तात तांबड्या पेशींची दाटी जितकी जास्त, तितका उजेड जास्त शोषला जातो. नाडीच्या ठोक्याला तो किती थरथरतो, यावरून रक्ताचा वेग कळतो. रक्त गोठवणाऱ्या चपट्या कणांचे घोळके व्हायला लागले, की त्यांच्या सावल्या पडतात. हे सगळं सेकंदाला चाळीस वेळा मोजून, लाखो लोकांच्या नोंदींशी ताडून, बाळी एक अंक सांगते, शून्य ते शंभर. मेंदूतली एखादी रक्तवाहिनी तुंबण्याचा धोका किती, त्याचा हा अंक. हे टक्के नव्हेत, असं पुस्तिकेच्या अकराव्या पानावर लिहिलं आहे. दहाव्या पानापुढे कुणी गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मी गेलो, कारण मी ज्युनिअर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. त्याच कारणामुळे घरात मला कुणी काही विचारत नाही.

चाळीसपर्यंत खडा हिरवा, सत्तरपर्यंत पिवळा, त्यापुढे लाल. लाल झाला की पाच नातेवाइकांना आणि जिल्ह्याच्या पक्षाघात प्रतिबंध कक्षाला आपोआप निरोप जातो, आणि त्या माणसाची स्कूटर सुरू होत नाही. शास्त्रज्ञांनी इथपर्यंत विचार केला होता. पुढचा सांगलीकरांनी केला. भांडण काढण्याआधी लोक समोरच्याच्या कानाकडे बघू लागले. हिरव्या कानाशी मोकळेपणाने भांडायचं, पिवळ्याशी जपून, लालशी अजिबात नाही. आमच्या सोसायटीच्या सभेत दोन लाल कान समोरासमोर आले आणि गच्चीच्या गळतीचा विषय बेमुदत तहकूब झाला. गच्ची अजून गळते.

आमच्या घरी जूनपासून एक लाल कान होता. आप्पांचा.

आप्पा, म्हणजे माझे वडील भूपाल चौगुले, पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. पण त्यांचं नाव झालं ते रक्तामुळे. अठराव्या वर्षापासून त्यांनी एकशे सत्तावीस वेळा रक्तदान केलं. आपल्याकडे पुढाऱ्याचा वाढदिवस रक्तदान शिबिराशिवाय पार पडत नाही, आणि आमच्या जिल्ह्यात पुढाऱ्यांची टंचाई नाही, त्यामुळे आप्पांना संधी कधी कमी पडली नाही. आमच्या हॉलच्या तिन्ही भिंतींवर प्रमाणपत्रं आहेत. ज्यांनी एकमेकांवर फौजदारी केली असे तीन-चार पुढारी तिथे फोटोंत शेजारी शेजारी हसत असतात. शिवाय माळ्यावर चौदा हेल्मेटं, नऊ कॅसरोल आणि न उघडलेला एक कॅरम.

प्रत्येक शिबिरात बोटाला टोचून हिमोग्लोबिन बघतात. ते किती कमी चालत नाही, हे तिथे सगळ्यांना पाठ असतं. किती जास्त चालत नाही, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. "काका, सतरा. तरुणांना लाजवाल," असं म्हणून आप्पांना पुढच्या खाटेवर पाठवायचे. शेवटच्या प्रमाणपत्रावर तर कुणीतरी पेनने 'हि. १८.२, उत्कृष्ट' असं लिहिलं. आईने ते लॅमिनेट करून घेतलं. आप्पांचा चेहरा टोमॅटोसारखा लाल होता, त्याला आम्ही तब्येत समजत होतो. गरम पाण्याने आंघोळ केली की त्यांच्या अंगाला खाज सुटायची. आईने सात वेळा साबण बदलला.

जानेवारीत आप्पांना पासष्ट पूर्ण झाली. पासष्टीनंतर रक्त घेत नाहीत. रक्तपेढीने शाल दिली, नारळ दिला आणि संगणकात त्यांचं नाव बंद केलं. जूनमध्ये एका सकाळी भाकरी खाताना त्यांच्या कानाजवळ लाल उजेड पडला. अंक होता चौऱ्याहत्तर.

*

डॉ. नसीमा मुजावर या आमच्या भागातल्या एकमेव रक्तविकारतज्ज्ञ. दर गुरुवारी त्या मिरजेतल्या एका रुग्णालयात येतात. त्यांनी तपासण्या केल्या आणि कागद आप्पांसमोर ठेवला.

"आप्पा, शंभर भाग रक्तात पंचेचाळीसच्या आसपास पेशी असाव्यात, बाकीचं पातळ. तुमच्यात अठ्ठावन्न आहेत. रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होतं. तिथल्या एका पेशीचं थांबायचं बटण बिघडलंय. ती थांबत नाही, आणि तिच्या पोटी जन्मणाऱ्याही थांबत नाहीत. पॉलिसायथेमिया म्हणतात याला. रक्त घट्ट झालं की हळू वाहतं. हळू वाहिलं की गुठळी धरते. गुठळी मेंदूत अडकली की लकवा."

"म्हणजे कालव्यात गाळ," आप्पा म्हणाले.

"अगदी बरोबर."

"मग गाळ काढायचा."

"तेच. साडेतीनशे मिली रक्त, आठवड्याला एक पिशवी, पेशी पंचेचाळीसच्या खाली येईपर्यंत. सोबत ॲस्पिरिनची छोटी गोळी, आणि मगजाला आवर घालणारी दुसरी एक. पण त्या दुसरीला वेळ लागतो. पिशवी त्याच दिवशी काम करते."

आप्पा खुर्चीत पुढे सरकले. गेल्या सहा महिन्यांत मी त्यांना इतकं खूश बघितलं नव्हतं. "पुन्हा द्यायचं म्हणा की. कुणाला जाईल?"

"कुणालाच नाही. या आजारातलं रक्त दुसऱ्याला देत नाहीत. टाकून देतात."

"आणि आधी दिलेलं?"

"त्याने कुणाला अपाय झाला असेल, असं मला वाटत नाही. बिघाड तुमच्या मगजात आहे, तो पिशवीतून दुसऱ्याकडे जात नाही. उलट एक गंमत सांगते. हा आजार तुम्हाला निदान दहा-बारा वर्षं असणार. दर तीन महिन्यांनी एक पिशवी निघत होती म्हणून तुम्ही धडधाकट राहिलात. तुमची शिबिरं हाच तुमचा उपचार होता."

डॉक्टरांनी हे कौतुकाने सांगितलं. आप्पांनी ते कसं ऐकलं, हे मला गाडीत कळलं. अंकलीचा पूल ओलांडेपर्यंत ते गप्प होते. आम्ही मिरजेहून सांगलीला येत होतो, तिथे वाटेत तो पूल लागत नाही. मी रस्ता चुकलो होतो आणि दोघांनाही ते कळलं नव्हतं.

"म्हणजे मी देत नव्हतो," आप्पा म्हणाले. "माझं औषध चाललं होतं. वर हेल्मेटं घेत होतो."

"दोन्ही होतं, आप्पा. रक्त खरंच कुणाला तरी मिळालं."

"कालव्यातला गाळ आम्ही कधी फेकला नाही. शेतकऱ्यांना द्यायचो, ते रानात टाकायचे. फेकायला काढायचं असेल तर माझं आहे तिथं राहू दे."

"लकवा झाला तर?"

"गाडी वळव," आप्पा म्हणाले. "जयसिंगपूर आलं."

*

आप्पा रक्त द्यायला तयार नव्हते. मला वाटलं, आधी सोय करून ठेवू, मग त्यांचं मन वळवू. तेव्हा मला माहीत नव्हतं, की घ्यायलाही कुणी तयार नाही.

पक्षाघात प्रतिबंध कक्षात फोन लावला. बाई फार नम्र होत्या.

"सर, पेशंटला पक्षाघात झालाय का?"

"नाही. म्हणून तर फोन केला."

"झाल्यावर कळवा सर. अकरा मिनिटांत गाडी येते."

"होऊ नये म्हणून काय येतं?"

"निरोप येतो सर."

निरोप येत होते, हे खरं होतं. 'शांत राहा. वाद टाळा. पाणी प्या.' पाण्याचा निरोप दर तासाला यायचा, आणि संध्याकाळनंतर जास्त जोर धरायचा, कारण आम्ही जैन. आप्पा सूर्यास्तानंतर पाणी घेत नाहीत. रात्री शरीरातलं पाणी कमी होतं, उरलेलं रक्त आणखी घट्ट होतं, आणि बाळी कानात डासासारखी गुणगुणायला लागते. खड्यावर बोट टेकवलं की ती गप्प बसते. आप्पा बोट टेकवायचे आणि जप पुढे चालू ठेवायचे.

रुग्णालयात गेलो. त्यांच्या संगणकात रक्त चढवण्याचे नऊ प्रकार होते. काढण्याचा एकच, तपासणीसाठी, एका वेळी दहा मिलीपर्यंत. "पस्तीस तपासण्या लिहून आणा डॉक्टरांकडून," तिथला कारकून म्हणाला. तो थट्टा करत नव्हता. डॉ. मुजावरांनी रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याची पोच मिळाली.

शेवटी रक्तपेढीत गेलो. तिथे मारुती सरगर आहेत. आप्पांच्या दंडाला पट्टा बांधण्याचं काम त्यांनी पंचवीस वर्षं केलं आहे.

"आप्पांची शीर मला डोळं झाकून सापडती," सरगर म्हणाले. "पण पिशवीला बारकोड लागतोय. बारकोडला दात्याचा नंबर लागतोय. आप्पांचा नंबर बंद. कॉम्प्युटर म्हणतोय, असा माणूसच न्हाई."

"पण हे रक्त कुणाला द्यायचंच नाही."

"त्येच त्याला सांगितलं. तर त्यो विचारतोय, मग पिशवी कशाला पायजे."

घरी वेगळाच कारभार चालू होता. लाल कान असलेल्या माणसाशी वाद घालायचा नाही, असा नियम असल्याने आप्पा प्रत्येक वाद जिंकत होते. टीव्हीवर काय लागणार, आमटीत मीठ किती, कॉलनीतल्या गणपतीचा मांडव कुठल्या कोपऱ्यात. आम्ही सगळ्याला हो म्हणत होतो. एकदाच माझा तोल गेला. मी म्हणालो, "तुम्हाला दुसऱ्याचा जीव वाचवायला रक्त देता येतं, स्वतःचा वाचवायला नाही. हा कसला अभिमान?" अंक चौऱ्याहत्तरवरून शहात्तरवर गेला. दोन मिनिटांत पुण्याहून माझ्या बहिणीचा, पद्मजाचा, फोन.

"दादा, तू आप्पांना काही बोललास का?"

"पिशवीचं बोललो."

"बोलू नकोस ना. शहात्तर झालंय."

"बोललो नाही तर रक्त निघत नाही. निघालं नाही तर वाढतच जाणार."

"हो, पण बोलल्यावर लगेच वाढतं ना."

पद्मजा बँकेत जोखीम व्यवस्थापन विभागात आहे. आई मात्र या सगळ्यात काही बोलत नव्हती. ती प्रमाणपत्रांवरची धूळ पुसायची, दर रविवारी, वरच्या ओळीपासून.

*

ऑगस्टमध्ये सरगरांचा फोन आला. त्यांना संगणकात एक फट सापडली होती. नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यासाठी 'प्रात्यक्षिक' नावाचा एक प्रकार होता. त्यात पिशवीला बारकोड मिळतो, दात्याचं वय विचारत नाहीत, आणि शेवटी रक्त निकामी म्हणून टाकायचं असतं. सगळ्या व्यवस्थेत आप्पांना लागू पडेल असं एवढंच होतं.

आता आप्पा राहिले. मी मूर्खपणा केला. मी शिबिर भरवलं.

म्हणजे कॉलनीच्या हॉलमध्ये एक खाट, सरगर, दोन नर्सिंगच्या मुली, कॉफीचा थर्मास आणि 'भव्य रक्तदान शिबिर' असा फलक. प्रमाणपत्र छापून घेतलं होतं. भेट म्हणून हेल्मेट. आप्पांना सांगितलं, नियम बदलला, आता सत्तरपर्यंत घेतात, आणि या आजारातलं रक्तही चालतं. हे मी, मुलांना प्रयोगवहीत खोट्या नोंदी लिहू नका असं सांगणाऱ्या माणसाने, तोंड न चोरता सांगितलं.

आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले. दारात थांबले. फलकाकडे बराच वेळ बघत राहिले.

"वाढदिवस कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे?"

"शिबिर आहे, मग वाढदिवस कुणाचा तरी असणार. किंवा पुण्यतिथी. फोटो कुठाय?"

मी सरगरांकडे बघितलं. सरगर छताकडे बघत होते.

"सत्तेचाळीस वर्षांत मी फोटो नसलेलं शिबिर बघितलं नाही," आप्पा म्हणाले. "सरगर, तुम्ही बघितलंय?"

"न्हाई बगा," सरगर म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच, "म्या म्हणलं नव्हतं, एक तरी नगरसेवक लावा म्हणून?"

ते म्हणाले होते. मीच म्हटलं होतं, विज्ञानात नगरसेवक कशाला.

आप्पांनी एक कप कॉफी घेतली, हेल्मेट नाकारलं आणि चालत घरी गेले. अंक अठ्ठ्याहत्तर. पद्मजाचा फोन मी घेतला नाही.

पुढच्या आठवड्यात आईच्या माहेरचे एक वैद्य येऊन गेले. त्यांनी जळवा सुचवल्या. प्राचीन शास्त्र आहे, जळू अशुद्ध रक्त ओढून घेते, मग तिला हळद लावून ओकायला लावायचं. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. "माझ्या आजारासाठी तिला ओकायला लावायचं?" एवढंच ते म्हणाले. वैद्य चहा न पिता उठले. त्यांच्या पिशवीतल्या जळवांना त्या दिवशी आमच्या घरात सगळ्यात जास्त न्याय मिळाला.

*

भाद्रपदात आमचं दशलक्षण पर्व असतं. दहा दिवस, रोज एका धर्माचा, म्हणजे क्षमा, सत्य अशा एकेका गुणाचा. आप्पा या दिवसांत एकाशन करतात, म्हणजे एकदाच जेवतात, आणि पाणीही त्याच वेळी. शेवटच्या दिवशी, अनंत चतुर्दशीला, निर्जळी उपवास. चाळीस वर्षांत मोडलेला नाही.

डॉ. मुजावरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. "गोळ्या आत्ता कुठे लागू पडायला लागल्यात. पेशी अजून छप्पन्न आहेत. त्यात दिवसभर पाणी नाही. मी त्यांना उपवास करू नका असं सांगणार नाही, सांगून उपयोगही नाही. पण चतुर्दशीच्या आधी एक पिशवी निघायलाच हवी. नाहीतर काय होईल हे सांगायला बाळी लागत नाही."

आठव्या दिवशी सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जिनमंदिरात, अभिषेक चालू होता. आप्पांच्या डाव्या हातात कलश होता. तो एकाएकी सुटला. पाणी पायरीवरून खाली गेलं. आप्पा काहीतरी म्हणाले, पण शब्द चिकटल्यासारखे निघाले. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. मी त्यांना खाली बसवलं आणि कक्षाला फोन लावला. तीन मिनिटांनी फोन लागला. तोवर आप्पांनी मूठ मिटून दाखवली आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "कलश उचल आधी."

"आता हात चालतोय का, सर?" फोनवरच्या बाईंनी विचारलं.

"आत्ता चालतोय. मघाशी चालत नव्हता."

"आत्ता चालतोय म्हणजे ते प्रतिबंधात येतं सर. गाडी उपचारात येते."

त्याच वेळी आप्पांच्या फोनवर निरोप आला. 'वाद टाळा.'

मी गाडी काढली. आई मागे आप्पांना धरून बसली. गुरुवार होता, एवढं एक बरं. मेंदूचं छायाचित्र निघालं, त्यात काही सापडलं नाही. डॉ. मुजावर बाहेर आल्या.

"गुठळी अडकली आणि आपोआप सुटली. काही मिनिटं अडकली म्हणून हात परत आला. पुढची सुटेलच असं नाही. बहुतेक वेळा पुढची येते, आणि ती काही दिवसांतच येते. आज ॲस्पिरिन वाढवतेय, दोन दिवस इथे ठेवतेय, आणि आज पिशवी काढायची. सरगरांना बोलावलंय."

आप्पा चाकाच्या खुर्चीत होते. कान लाल, चेहरा लाल. "गोळ्या द्या. सलाइन लावा. एकाशन आहे, पण तुम्ही म्हणता तर पाणीही घेतो. पिशवी नको. फेकायला नको."

मी खुर्चीसमोर उकिडवा बसलो. मला ओरडायचं होतं. चार महिने मी फोन केले होते, अर्ज केले होते, खोटं बोललो होतो, आणि समोरच्या माणसाच्या कानात एक दिवा होता, जो मला ओरडू देत नव्हता. मानवजातीने मृत्यूला दाराबाहेर थांबवलं होतं आणि आप्पा आतून कडी काढायला निघाले होते.

"अभि, उठ," आई म्हणाली. "गुडघे दुखतील."

मग ती आप्पांशी बोलली. भाजी काय आणायची हे विचारावं त्या सुरात.

"एकशे सत्तावीस प्रमाणपत्रं मी दर आठवड्याला पुसते. त्या सगळ्यांवर देणाऱ्याचं नाव आहे आणि वाढदिवसवाल्याचा फोटो आहे. घेणारा एकावरही नाही. तुम्ही एक तरी बघितलात का?"

आप्पांनी नकारार्थी मान हलवली.

"आज कुठला दिवस?"

"आठवा."

"आठवा कुठला?"

"उत्तम त्याग," आप्पा म्हणाले.

"दान नको म्हणता ना, घेणारा नाही म्हणून? करू नका दान. त्याग करा. त्यागाला घेणारा कशाला लागतो?"



"हे महाराज म्हणाले प्रवचनात?" आप्पांनी विचारलं.

"महाराज वेगळंच काहीतरी म्हणाले. माझं लक्ष नव्हतं. मी तुमचाच विचार करत होते."

आप्पांनी उजव्या हाताची बाही वर केली.

*

सरगरांनी खरंच शीर न चाचपता सुई घातली. 'प्रात्यक्षिक' म्हणून नर्सिंगच्या दोन मुली शेजारी उभ्या होत्या. पिशवी भरायला एरवी आठ मिनिटं लागतात. या वेळी एकवीस लागली.

"काकवी हाय ही," सरगर नळीकडे बघत म्हणाले. "गुऱ्हाळात असं पडतंय."

"काका, चक्कर येतेय का?" एका मुलीने विचारलं.

"एकशे अठ्ठाविसावी आहे," आप्पा म्हणाले.

दुसरीने तिच्या वहीत काहीतरी लिहिलं. मी डोकावून बघितलं. 'रुग्ण सहकार्य करतो' असं होतं.

कॉफी आप्पांनी घेतली नाही, जेवायची वेळ अजून व्हायची होती. डॉक्टरांनी सांगितलेलं पाणी प्यायले. मग त्यांनी सरगरांना विचारलं, "कुठं टाकणार?"

"पिवळ्या डब्यात. तिथनं गाडी येती, भट्टीत जातंय."

"दाखवा."

सरगरांनी माझ्याकडे बघितलं. मी आईकडे बघितलं. आईने खुर्ची ढकलली. कॉरिडॉरच्या टोकाला झाकणाचा पिवळा डबा होता. सरगरांनी पिशवी आप्पांच्या हातात दिली. त्यांनी ती दोन्ही हातांत धरली, डाव्या हाताची बोटं नीट मिटताहेत का ते बघितलं, आणि टाकली. झाकण आपटलं.

"हलकी असते की," आप्पा म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी एकही उचललेली नव्हती.

अंक अठ्ठ्याहत्तरवरून बाहत्तरवर आला. कान लालच राहिला. एका पिशवीने इतकंच होतं. चतुर्दशीला आप्पांनी उकळलेलं पाणी दोनदा घेतलं, डॉक्टरांवर उपकार म्हणून. त्यानंतर पुढच्या पाच आठवड्यांत पाच पिशव्या निघाल्या, प्रत्येक वेळी प्रात्यक्षिक म्हणून. नर्सिंगच्या त्या तुकडीतल्या सगळ्या मुली आता रक्त काढण्यात पटाईत आहेत. दिवाळीत खडा पिवळा झाला, डिसेंबरमध्ये हिरवा. पेशी चव्वेचाळीस, अंक छत्तीस. आंघोळीनंतरची खाज थांबली. आईने जुना साबण परत आणला. आप्पा पुन्हा वाद हरायला लागले. या पिशव्यांची प्रमाणपत्रं नाहीत, त्यामुळे आईचं पुसायचं काम वाढलेलं नाही.

जानेवारीत प्रतिबंध कक्षाचा वार्षिक अहवाल आला. आमच्या तालुक्यातलं यशस्वी उदाहरण म्हणून त्यात आप्पांची नोंद आहे. लाभार्थी पुरुष, वय पासष्ट. अंक अठ्ठ्याहत्तरवरून छत्तीस. पाणी पिण्याच्या सूचना दोन हजार एकशे सहा, पाळल्या दोन हजार एकशे सहा. सुधारणेचं कारण: नियमित जलपान.

खड्यावर बोट टेकवलं, की पाणी प्यायलं असं मोजतात. पुस्तिकेच्या बाराव्या पानावर आहे.